पुढचे शॉकअब्सॉर्बर

हैदराबादेत विजयवाडा रस्त्यालगतच्या ऑटोनगरात जुन्या मालमोटारी दुरुस्तीस येतात. पुढचे शॉकअब्सॉर्बर झिजले, तर अंगाला हादरे बसतील एवढेच, असे पुष्कळ चालकांस वाटते. वस्तुतः गाडीचा भार पाटे पेलतात. शॉकअब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि पाट्यांचे हेलकावे शमविते. तेल गळून गेले, की चाक उसळून रस्ता सोडते. अशा चाकाला ब्रेक काय थांबविणार?

हे काम मालकास स्वतःही करता येते. आस पाट्यांनीच धरलेला असल्याने गाडी बहुधा उचलावी लागत नाही. चाकांखाली दगड लावावेत, गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडावे. उचलावीच लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. आणि दोन्ही बाजूंचे शॉकअब्सॉर्बर एकदमच बदलावेत. एक नवा, एक जुना ही जोडी तोल बिघडविते.