आजारी सहचराचा हक्क
(पळसदरी येथील सभेत केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता घरगुती वाटेल. पती किंवा पत्नी गंभीर आजाराने अंथरुणाला खिळली, तर तिला योग्य उपचार मिळावेत म्हणून दुसऱ्याने काय करावे, हा तो विषय होय. आपल्यापैकी पुष्कळजण या गोष्टीला दैवाचा भाग समजतात. माझ्या मते हा हक्काचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच एक वकील या नात्याने मी तो आपणांपुढे मांडीत आहे.

कर्जत-खालापूर भागातील माणसे माझ्याकडे येतात ती बहुधा रुग्ण गेल्यानंतर येतात. हातात बिलांचे भेंडोळे असते, अंगावर कर्ज झालेले असते, आणि प्रश्न एकच असतो : "साहेब, आता काही करता येईल काय?" बंधूंनो, जे करता येण्यासारखे होते ते पहिल्या दिवशी होते. कायद्याचा उपयोग शोक करताना होत नाही; इस्पितळाच्या दारात उभे असताना होतो.

आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट आठवा. या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हाची ही गोष्ट आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, तो कागदावर राहिला, आणि तळ्याचे पाणी मात्र आपल्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या बांधवांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले, तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही दावा गुदरला गेला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय आपल्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. यातून घ्यावयाचा धडा असा की, लिहिलेला हक्क हा अर्धा हक्क असतो. तो जाऊन मागितला आणि मागणीची नोंद ठेवली म्हणजे पुरा होतो.

आज इस्पितळातील खाटेची स्थिती त्या तळ्यासारखीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याचे कलम ४१ कक धर्मादाय इस्पितळांवर गरीब रुग्णांची जबाबदारी टाकते. त्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे अशा इस्पितळाने शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्णपणे मोफत आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्याच पाहिजेत. या खर्चासाठी एकूण बिलांच्या शेकडा २ इतकी रक्कम वेगळ्या निधीत काढावी लागते. म्हणजे मोफत खाट ही कोणा शेटजींची मेहेरबानी नव्हे. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका चालते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत रक्कम न मागता त्यास प्रथम दाखल करून घ्यावे, असेही ही योजना सांगते.

असे असूनही काय घडते? मार्च २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय इस्पितळात एक गर्भवती भगिनी नेली असता १० लाख रुपयांची अनामत मागण्यात आली, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. इस्पितळाने उपचार नाकारल्याचे मान्य केले नाही. तिला दुसरीकडे न्यावे लागले. तिने जुळ्या मुलींना जन्म दिला आणि नंतर तिचा मृत्यू झाला. पतीने आणि नातलगांनी ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली, तेव्हा चौकशी समित्या नेमल्या गेल्या, आणि तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही असे त्या इस्पितळास जाहीर करावे लागले. योजना लागू होऊन तेव्हा १८ वर्षे उलटली होती! एका कुटुंबाने दुःखातही आवाज उठविला म्हणून पुढच्या रुग्णाची वाट थोडी मोकळी झाली.

सरकारी इस्पितळाच्या बाबतीतही न्यायालयाचा शब्द स्पष्ट आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्यास जबर मार लागला असताना खाट नाही, साधने नाहीत, असे सांगून एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्यास परत पाठविले. शेवटी त्याने खाजगी इस्पितळात कर्ज काढल्यासारखा खर्च सोसून उपचार घेतले. त्याच्या शेतमजूर संघटनेने दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैसा नाही ही सबब राज्यास सांगता येणार नाही. त्यास २५ हजार रुपये भरपाई मिळाली. खोपोलीच्या गाडीला लोंबकळून कामावर जाणाऱ्या आपल्या माणसांनी हा निवाडा पाठ करून ठेवावा.

आता आपण काय करावे ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इस्पितळांत उपचार निःशुल्क आहेत. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय त्यांत येतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. २०२४ पासून तिच्यात प्रत्येक कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. इस्पितळात शिरताच आरोग्यमित्र कोठे बसतो ते विचारा. रोख पैसे भरून मोकळे होऊ नका; आधी योजनेत नाव नोंदवा.

"खाट नाही" असे उत्तर मिळाल्यास भांडू नका आणि मुकाट्याने परतूही नका. साध्या कागदावर अर्ज लिहा : रुग्णाचे नाव, तारीख, वेळ, काय मागितले, कोणी काय उत्तर दिले. एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नाकारली तर तेही लिहून धर्मादाय आयुक्तांकडे पाठवा. उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती मागून घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी तक्रार फायलीत बसते.

परंतु बंधूंनो, सर्वच दोष इस्पितळाच्या दारात टाकून चालणार नाही. आपल्या घराच्या दारातही पाहा. पती आजारी पडला की पत्नी मंगळसूत्र मोडते. पत्नी आजारी पडली की कित्येक घरांत तिला माहेरी पोचविले जाते. हे अधर्माचे वर्तन आहे आणि बेकायदाही आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा त्याचे नाव काहीही असले तरी कलम २ अन्वये बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या ३ ऱ्या कलमात निर्वाहाच्या व्याख्येत अन्नवस्त्राबरोबर वैद्यकीय उपचार स्पष्ट शब्दांत घातले आहेत, आणि १८ वे कलम पत्नीस पतीकडून निर्वाहाचा हक्क देते. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पत्नीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. आजारी पत्नीला औषध देणे हा उपकार नव्हे; ते देणे आहे.

भगिनींना माझे एक सांगणे आहे. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला हे कागद केवळ पतीच्या पेटीत राहू देऊ नका. ते कोठे आहेत आणि त्यांवर काय लिहिले आहे, हे तुम्हांस ठाऊक असले पाहिजे. पती बेशुद्ध पडेल त्या रात्री कागद शोधण्यास वेळ नसतो. उत्पन्नाचा दाखला आजार येण्यापूर्वी काढून ठेवा आणि त्याची मुदत संपू देऊ नका.

ज्या धम्माचा आपण स्वीकार केला त्याच्या विनयग्रंथात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित एक भिक्षू आपल्याच घाणीत पडला होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्यास स्वतःच्या हातांनी स्नान घातले, आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याची शिकवण संघास दिली. घर सोडलेल्या भिक्षूंना जर ही आज्ञा आहे, तर एका छपराखाली संसार थाटलेल्या पती-पत्नींना ती किती अधिक लागू आहे!

या वस्तीतील दोन लिहित्या-वाचत्या तरुणांनी एवढे एक काम अंगावर घ्यावे : कोणाच्या घरी गंभीर आजार आला की त्या कुटुंबाबरोबर इस्पितळात जावे, अर्ज लिहावा, पोच आणावी. रुग्णाजवळ बसणारे माणूस आणि खिडकीपाशी उभे राहणारे माणूस अशी दोन माणसे लागतात. एकटा सहचर दोन्ही ठिकाणी पुरा पडत नाही. ते दुसरे माणूस वस्तीने द्यावे.

जय भीम.