आई, तू लॉफुल न्यूट्रल



आपल्या बैठकांना दर वेळी गंभीर विषय असतात, म्हणून या वेळी खेळावर बोलेन असं मी मोठ्या उत्साहाने कळवलं होतं. तयारीला बसले आणि खेळ जरा बाजूलाच राहिला. त्याबद्दल आधीच माफी मागून टाकते.

आमच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी पाच-सहा मुलं जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. माझी पंधरा वर्षांची मुलगी त्यांची म्होरकी. माझं काम पिझ्झा खाली पोचवणं. ज्यांच्या घरी हे वेड अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट चालवायची, अडलं की फासे टाकायचे. पात्राच्या कागदावर ताकद, चपळाई, अक्कल यांचे आकडे असतात आणि एक रकाना असतो त्याच्या नैतिक कलाचा, म्हणजे अलाइनमेंटचा.

सुरुवातीला कल तीनच होते: लॉ, न्यूट्रल आणि केऑस. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून ही कल्पना आली. १९७६ साली गायगॅक्सने एका लेखात तिला दुसरा अक्ष जोडला, गुड आणि इव्हिलचा. १९७८च्या नियमपुस्तकात तीन गुणिले तीन असा नऊ घरांचा तक्ता झाला. आता ही मुलं सिनेमा बघून आली की आधी प्रत्येकाला त्या तक्त्यात बसवतात. हान सोलो सुरुवातीला कुठे, शेवटी कुठे, यावर तासभर हाणामारी.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे, की नियम पाळणं आणि चांगलं असणं हे दोन अक्ष एकमेकांना काटकोनात ठेवलेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. आपण ज्या शाळांत शिकलो तिथे 'शहाणा मुलगा' या एकाच शब्दात दोन्ही कोंबलेलं होतं.

उदाहरण हॅरी पॉटरमधल्या डोलोरेस अंब्रिजचं घ्या. ही बाई २००३ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात शाळेत येते. भिंतीवर रोज नवा हुकूम लावते, मुलांना स्वतःच्या रक्ताने लिहायला लावते. सातव्या पुस्तकात सत्ता व्होल्डेमॉर्टच्या माणसांकडे गेल्यावर तिला कुठेच जावं लागत नाही. त्याच मंत्रालयात बसून, वंश बघून माणसांना शिक्षा देणाऱ्या आयोगाची ती प्रमुख होते. कागद सगळे चोख. वाचकांना तिचा राग व्होल्डेमॉर्टपेक्षा जास्त येतो, हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. व्होल्डेमॉर्ट कुणाला भेटलेला नसतो. अंब्रिज प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे भेटलेली असते.

आता माझ्यातली संशोधक. कुठलंही वर्गीकरण समोर आलं की मी विचारते, दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजलं तर उत्तर एकच येतं का? आम्ही घरी तिघांनी स्नेपचं घर वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलं. तीन चिठ्ठ्या, तीन घरं. नवऱ्याने हेतू पाहिला: हा माणूस जीव धोक्यात घालून दुहेरी हेर झाला. मी कृती पाहिली: नेव्हिलसारख्या घाबरट पोराला वर्षानुवर्षं छळणारा शिक्षक गुड कसा? मुलगी म्हणाली, तुम्ही दोघं चुकता, कारण वर्ष कुठलं ते सांगितल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. सांख्यिकीच्या दृष्टीने आमचा प्रयोग सपशेल फसला. पण मतभेद नेमका कशावर आहे ते पाच मिनिटांत कळलं. एरवी त्याला आमच्या घरी दोन दिवस लागतात.

तक्त्याची एक बाजू मात्र मला मुळीच मान्य नाही. पात्राचा कल खेळाडू निवडतो, पण राक्षसांचा पुस्तकात छापून यायचा, जमातीला घाऊक. ऑर्क हे १९७७च्या पुस्तकात लॉफुल इव्हिल होते. २०००च्या आवृत्तीत ते बहुतांशी केऑटिक इव्हिल झाले. बिचाऱ्यांनी मधल्या काळात काहीही केलं नव्हतं! जन्मावरून चारित्र्य छापून देणारी पुस्तकं आपल्याला नवी नाहीत, म्हणून हे पान उलटताना हात थबकतो. स्वतः टॉल्कीनलाही आपले ऑर्क मुळातूनच वाईट असावेत का, हा प्रश्न छळत होता. २०२० साली प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राउ यांचं चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मुलीच्या टेबलावर तर तोवर ऑर्क शाळामास्तर होऊन गेला होता.

आता 'ले मिझेराब्ल'कडे येते. संगीतिका आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी १८६२ची. पाव चोरल्याची पाच वर्षं आणि पळायच्या प्रयत्नांची चौदा, अशी एकोणीस वर्षं काढून आलेल्या ज्याँ वालज्याँच्या मागे इन्स्पेक्टर जावेर लागतो. जावेर लाचखाऊ नाही, मजा म्हणून कुणाला छळत नाही. लॉफुल न्यूट्रलचं याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही. ज्याला पकडायचं तोच आपला जीव वाचवतो, तेव्हा त्याचे दोन अक्ष आयुष्यात पहिल्यांदा वेगळे होतात. तो वालज्याँला सोडतो आणि सेन नदीत उडी घेतो.

हे मी जेवताना सांगत होते. मुलगी म्हणाली, "आई, तूही लॉफुल न्यूट्रल."

मी हसले. मग तिने कारण सांगितलं. चार वर्षांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेत एक पोस्टडॉक होता. आई आजारी म्हणून मायदेशी गेला आणि तिथे अडकला. प्रगती-अहवालाची मुदत टळली, कराराचं नूतनीकरण थांबलं. अपवाद करावा असं एक पत्र मी वर पाठवू शकले असते. मिळालाच असता असं नाही, पण पत्र माझ्या हातात होतं. मी आलेल्या कागदावर सही केली. व्हिसा नोकरीला बांधलेला; पुढे काय झालं ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्या रात्री जेवताना मी म्हणाले होते, "नियम सगळ्यांना सारखे." समोर अकरा वर्षांची मुलगी भात चिवडत बसली होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

मी तिला विचारलं, न्यूट्रल का, इव्हिल का नाही? ती म्हणाली, "तुला त्यातून काही मिळालं नाही म्हणून." हे समर्थन आहे की आरोप, ते मी अजून ठरवलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्या मुलाला मेल लिहिली. चार वर्षं उशिरा. उत्तर आलेलं नाही, आणि यावं अशी माझी अपेक्षाही नाही.

असो. वेळ संपत आली, वडे गार होतायत. चिठ्ठ्या आणि पेन्सिली टेबलावर ठेवल्या आहेत. स्नेपचं घर प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता लिहा. आमच्या घरी नमुना तीनच जणांचा होता. इथे निदान चाळीस तरी आहात.