हरिपुऱ्याची पुठ्ठ्यावरील चित्रे



कामरेज हे आमचे गाव सुरतेपासून जवळच, तापीच्या काठी, मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. आजच्या प्रवाशाला ते मालमोटारींच्या गर्दीचा एक चव्हाटा म्हणूनच ठाऊक असते. परंतु गाव फार जुने. नवसारीच्या चालुक्य घराण्यातील युवराज श्र्याश्रय शीलादित्य याने कलचुरी संवत् ४४३ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९२ च्या सुमारास, एक भूमिदान केले. त्या दानाच्या ताम्रपटात ‘कार्मणेय आहार’ असा उल्लेख आहे, आणि हे कार्मणेय म्हणजेच आजचे कामरेज, असे विद्वान मानतात. तेराशे वर्षे उलटून गेली, तरी तो लेख आपल्याला वाचता येतो. चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालावे, अशी दात्याची इच्छा असे. म्हणूनच तर ते तांब्यावर कोरावयाचे.

मला आज बोलावयाचे आहे ते नेमके याच्या उलट जातीच्या वस्तूंविषयी. ज्या करणाऱ्याने चार दिवसांसाठीच केल्या, ज्या तांब्यावर नव्हे तर कागदावर उतरल्या, आणि कागदाला पाठबळ म्हणून ज्यांच्यामागे साधा पुठ्ठा होता, अशा वस्तू संग्रहालयात जाऊन बसल्या म्हणजे काय होते, हा माझा विषय. उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कामरेजहून तापीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेले म्हणजे कडोदजवळ हरिपुरा लागते. कामरेज गायकवाडीत, नवसारी प्रांतात मोडे. बारडोली तालुका इंग्रजांचा. म्हणजे एका संस्थानातून निघून परक्या मुलखात शिरावयाचे, एवढेच ते अंतर. याच हरिपुऱ्यास फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे ५१वे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. विठ्ठलभाई पटेलांच्या नावाने ‘विठ्ठलनगर’ उभारले होते, आणि अध्यक्षांचा रथ ५१ बैलांनी ओढला होता.

माझे आजोबा या अधिवेशनाला गेले होते. ते नेहमी बैलांचीच गोष्ट सांगत. शिंगे कशी रंगविली होती, धूळ किती उडाली, मिरवणुकीत माणसे कशी लोटली होती, हे सारे त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. चित्रांविषयी मात्र ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. पुढे मोठेपणी, दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी हरिपुऱ्याची चित्रे पाहिली, तेव्हा प्रथम मनात आले ते हेच, की आजोबा यांच्याखालून चालत गेले असणार आणि त्यांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली असणार.

त्यांचा यात दोष नव्हता. चित्रे तशीच योजिली होती. शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना अधिवेशनाची सजावट करण्यास गांधीजींनी सांगितले. त्यापूर्वी डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशात, फैजपूरला, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याचीही सजावट नंदबाबूंकडेच होती. फैजपुरास त्यांनी बांबू, चटया, गवत अशा गावच्याच सामानातून शोभा आणली. ते खेडेही तापीच्याच खोऱ्यातले. पण फैजपूरच्या त्या कामातले आज हाताला लागेल असे काय उरले? बांबू लोकांनी नेले असतील, गवत गुरांनी खाल्ले असेल. तेही एका अर्थी योग्यच म्हणावयाचे. हरिपुऱ्यास मात्र त्यांनी रंगविलेली चित्रे लावली, आणि म्हणून हरिपुरा उरले.

ही चित्रे हातकागदावर काढलेली आहेत. कागद ताणून धरावा म्हणून तो पेंढ्याच्या जाड पुठ्ठ्यावर बसविलेला. पुस्तकबांधणी करणारे वापरतात तोच हा पिवळसर, खरबरीत, स्वस्त पुठ्ठा. चित्रांचे आकारमान साधारणपणे दोन फूट उंच व तेवढेच रुंद. रंग बहुतेक मातीचे: गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, काजळाचा काळा, खडूचा पांढरा. रेषा जाड कुंचल्याची, एका दमात फिरविलेली. बंगालमध्ये पट रंगवून गावोगाव गाणारे जे पटुआ असतात, त्यांच्या रीतीवर नंदबाबूंनी ही शैली बेतली. स्वतः त्यांनी ८०हून अधिक चित्रे काढली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या, आणि सर्व मिळून संख्या ४००च्या आसपास गेली.

चित्रांत देवदेवता किंवा पुढारी शोधू जाल तर निराश व्हाल. तेथे सुतार आहे, कुंभार आहे, कापूस पिंजणारा पिंजारी आहे, ढोल वाजविणारा आहे, शिंपी आहे, बैल हाकणारा आहे, मूल घेतलेली आई आहे. ढोलवाला तर असा वळला आहे की ढोलाचा घेर व माणसाच्या पाठीचा घेर यांत कोणता आधी काढला हे सांगता येऊ नये. गांधीजींची अपेक्षा अशी, की खेडुताला येताजाता डोळ्यांपुढे आपलेच जीवन दिसावे, आणि त्यासाठी त्याला प्रदर्शनाच्या दालनात बोलावण्याची गरज पडू नये. त्याप्रमाणे ही चित्रे प्रवेशद्वारांवर लागली, मंडपांवर लागली, स्वयंसेवकांच्या तळांतही लागली. ऊन, धूळ, दव यांच्यापासून त्यांचे रक्षण करण्याचा प्रश्नच नव्हता. कार्य संपले की मंडप उतरावयाचा.

आपल्याकडे याला जवळची अशी गोष्ट म्हणजे चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळी रामायण-महाभारताच्या कथा चित्रे दाखवीत सांगत. ती चित्रेही कागदाचीच. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले, म्हणजे कागदच कागदाचा पुठ्ठा होतो. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. कोणत्याही कथेची पोथी जवळून पाहिली की कडा अंगठ्याने मळलेल्या आढळतात. त्या मळकट कडांना मी चित्राइतकेच मोल देतो. काही मंडळींना त्या स्वच्छ कराव्या असे वाटते. माझे त्यांच्याशी जमत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे वळतो. आपल्याला वाटते, जुना कागद तितका नाजूक. वस्तुतः पेशवाईतील जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचे पत्र रुमालातून सोडवून उलगडावे, तर ते कापडासारखे मऊ व चिवट लागते. आणि शंभर वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक उघडावे, तर पान हातात तुटते. कारण साधे आहे. जुना कागद चिंध्या व तागाच्या लांब तंतूंचा. त्याला खळ द्यावयाची आणि गुळगुळीत दगडाने तो घोटावयाचा. शाई काजळाची व डिंकाची. ती कागद खात नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरणीत लाकडाच्या लगद्याचा कागद होऊ लागला, त्याला राळ व तुरटीची खळ दिली, आणि त्या तुरटीबरोबरच कागदाच्या पोटात आम्ल शिरले. हे आम्ल तंतू तोडत राहते. उष्णता व दमट हवा त्याला मदत करतात. आमच्या सुरतेकडची पावसाळी हवा तर असल्या कामाला फारच तत्पर.

हरिपुऱ्याच्या चित्रांत या दोन्ही जाती एकमेकींना चिकटल्या आहेत. वर हातकागद, म्हणजे दीर्घायुषी. खाली पेंढ्याचा पुठ्ठा, म्हणजे काळाबरोबर आंबट व ठिसूळ होणारा. पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते. तो तपकिरी पडतो. पुठ्ठा कोपऱ्याशी मोडला तर वरचा कागदही त्याच रेषेत मोडतो. ज्याने चित्राला उभे राहण्याचे बळ दिले, तोच त्याला आतून पोखरतो. अशा वस्तूचे काय करावे? संधारक, म्हणजे जुन्या वस्तूंची निगा राखणारा तज्ज्ञ, पुठ्ठा थराथराने सोलून काढू शकतो आणि आम्लरहित पाठ लावू शकतो. कागद वाचेल. पण मग जी वस्तू हरिपुऱ्यास टांगली होती, ती उरली काय? तो स्वस्त पुठ्ठा हा निव्वळ आधार नव्हता. थोड्या खर्चात, थोड्या वेळात, शेकडो चित्रे उघड्यावर लावावयाची, ही सारी योजना त्या पुठ्ठ्यात लिहिलेली आहे. तो काढून चित्र सोनेरी चौकटीत बसविले, की ते दिवाणखान्यातले चित्र होते. मला विचाराल तर जेथवर पुठ्ठा तग धरील तेथवर तो राहू द्यावा, मागच्या बाजूची छायाचित्रे व टिपणे करून ठेवावी, आणि कागद तुटण्याची वेळ आली तरच सुरी उचलावी. काढलेला पुठ्ठाही फेकू नये. परंतु हे मी हौशी माणूस म्हणून बोलतो. सुरी ज्याच्या हाती आहे, त्याच्या रात्रीच्या झोपेची मला कल्पना आहे.

दुसरी अडचण उजेडाची. कागदावरील चित्रांसाठी सुमारे ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवावा असा संग्रहालयांचा प्रघात आहे. आपल्या कचेरीत लिहिता-वाचताना याच्या सहापट तरी प्रकाश असतो. तेवढ्या मंद उजेडातही चित्रे काही महिने दाखवून पुन्हा पेटीत विश्रांतीस न्यावी लागतात. मातीचे रंग उन्हाला सहसा दाद देत नाहीत, पण कागद देतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात जी लोकांच्या डोक्यावर लटकत होती, ती आज अंधुक दालनात, हातभर अंतरावरून पाहावयाची. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताच्या दालनात यांतील काही चित्रे मांडली होती. इटलीच्या प्रवाशांनी ढोलवाला पाहिला, पिंजारी पाहिला. याचा मला आनंद आहे. थोडा हेवाही आहे. ज्या बारडोली-कामरेजच्या बाजूचे लोक येताजाता पाहतील म्हणून हे सारे झाले, त्यांच्या नातवंडांना दिल्लीचे तिकीट काढावे लागते. चांगल्या प्रती करून त्या हरिपुऱ्यास, बारडोलीस, शाळांच्या ओसरीवर उघड्यावर लावता येतील. प्रती करणे नंदबाबूंना कमीपणाचे वाटले नव्हते. त्यांनी विद्यार्थ्यांकडून त्याच तर करविल्या.

पाण्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. डिंकात कालविलेले रंग पाणी लागताच सुटतात, काजळाची शाईही वाहून जाते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत फ्लॉरेन्स शहरी आर्नो नदीला पूर आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील असंख्य ग्रंथ चिखलात गेले. जगभरचे बांधणीकार व तज्ज्ञ तेथे धावले, आणि कागद वाचविण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी त्या चिखलातून वर आले. ओला कागद लगेच उलगडू नये, उन्हात तापवू नये, टिपकागदाच्या थरांत सावलीत वाळवावा, फार असेल तर गोठवून ठेवावा म्हणजे बुरशीला वेळ मिळत नाही, हे त्यांनी शिकून घेतले व जगाला शिकविले.

मी ते वेळेवर शिकलो नव्हतो. आजोबांजवळ हरिपुऱ्याचा एक प्रवेशपास होता. फिकट गुलाबी पुठ्ठ्याचा, तळहाताएवढा, वर शाईने त्यांचे नाव लिहिलेले. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. एक कोपरा सुटू लागला तेव्हा मी त्याला चिकटपट्टी लावली. पट्टीखाली पिवळा डाग पडला. मग डाग वाढू नये म्हणून, मोठे शहाणपण केल्याच्या समाधानात, मी तो दुकानातून दोन प्लास्टिकच्या पत्र्यांत उष्णतेने बंद करून आणला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला तेव्हा आम्ही सुरतेत अडाजणला राहत होतो. तळमजल्यावर पाणी होते आणि लोखंडी पेटी तळमजल्यावर. आठवड्यानंतर पेटी उघडली. सुटे कागद, पत्रे, एक-दोन दस्तऐवज ओले होते, पण वाळविता आले. पास मात्र प्लास्टिकच्या कापलेल्या कडेतून पाणी आत ओढून बसला होता, आणि बाहेर जाण्यास त्या पाण्याला वाट नव्हती. आत काळी बुरशी धरली. शाई पसरून निळसर ढग झाला.

पुढे एका जाणकार बाईंना मी तो दाखविला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “प्लास्टिक काढता येईल, पण त्याच्याबरोबर पुठ्ठ्याचा वरचा थर निघेल. राहू द्या.” तेव्हापासून तो हातकागदाच्या दोन कोऱ्या पानांमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात आहे. छापील अक्षरे अजून वाचता येतात. आजोबांचे नाव कोठे होते, हे मला माहीत असल्यामुळे दिसते.