मेसेज दोनदा येणारच



अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायची रीत आहे. ती मी आज मोडतो. मला बोलायचं आहे ते क्यूमधून मेसेज वाचून डेटाबेसात नोंद करणाऱ्या शे-दीडशे ओळींच्या कोडबद्दल. तो इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेला असेल, आणि माझ्या मते तो पुष्कळदा अर्धाच बरोबर असतो.

कन्झ्युमर मेसेज उचलतो: अमुक खात्यात ५०० रुपये जमा करा. तो जमा करतो, कमिट करतो आणि मग ब्रोकरला पोच देतो. कमिट झालं, पण पोच द्यायच्या आधीच प्रोसेस मेली, तर? ब्रोकरच्या लेखी काम झालेलंच नाही, म्हणून तो मेसेज पुन्हा देतो आणि ५०० चे १००० होतात. मग कोणीतरी हुशारी करून पोच आधी देतो, काम नंतर. आता प्रोसेस मेली की पैसेही नाहीत आणि मेसेजही नाही.

बरं, प्रोसेस मरायलाच हवी असंही नाही. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये उचललेला मेसेज, तुम्ही काही बदललं नसेल तर, ३० सेकंद इतरांना दिसत नाही. तुमच्या कामाला ४० सेकंद लागली, तर पहिला वर्कर राबत असतानाच तोच मेसेज दुसऱ्याच्या हाती पडतो. दोघंही काम इमानेइतबारे पूर्ण करतात, आणि लॉगमध्ये एकही एरर नसते.

यावरचं पुस्तकी उत्तर म्हणजे टू-फेज कमिट. जिम ग्रे यांनी १९७८ च्या आपल्या टिपणांत ते मांडलं. समन्वयक आधी व्यवहारातल्या सगळ्यांना विचारतो, तयार आहात का? सगळे हो म्हणाले की कमिटचा हुकूम सुटतो. पुढे एक्स/ओपनचं एक्सए हे प्रमाण आलं, आणि आयबीएमच्या एमक्यूसारख्या क्यू त्यात सहभागी होऊ शकतात. गोम अशी की ‘हो’ म्हटल्यापासून हुकूम येईपर्यंत प्रत्येकाला लॉक धरून बसावं लागतं. तेवढ्यात समन्वयकच गेला, तर ना कमिट करता येत, ना रोलबॅक. पोस्टग्रेसमध्ये असा अधांतरी राहिलेला व्यवहार सर्व्हर रीस्टार्ट केला तरी हटत नाही. लॉक तसेच राहतात आणि व्हॅक्यूमही अडतो. टू-फेज कमिटची सोय तिथं मुळात बंदच ठेवलेली असते, ते उगाच नाही. रॅबिटएमक्यू आणि एसक्यूएस तर एक्सएच्या वाटेलाच जात नाहीत.

काफ्कानं २०१७ मध्ये ०.११ आवृत्तीत ट्रान्झॅक्शन्स आणली आणि ‘एक्झॅक्टली वन्स’चा गजर सुरू झाला. दावा खोटा नाही. पण तो काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरता खरा आहे. तुमचा डेटाबेस, पेमेंट गेटवे, ग्राहकाला गेलेला एसएमएस हे सगळं त्याच्या हद्दीबाहेर. विक्रेत्यांच्या स्लाइड्सवर ही हद्द मला क्वचितच आखलेली दिसते.

तेव्हा मेसेज दोनदा येणारच असं धरून चाला, आणि परिणाम एकदाच होईल याची जबाबदारी कन्झ्युमरवर टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी एक टेबल लागतं. मेसेजच्या क्रमांकावर युनिक की ठेवा, आणि ती नोंद व ५०० रुपये जमा होणं एकाच स्थानिक ट्रान्झॅक्शनमध्ये घाला. डुप्लिकेट निघाला तर काम सोडून नुसती पोच द्या. आधी सिलेक्ट मारून ‘आलाय का’ बघत बसू नका. दोन वर्कर एकाच क्षणी बघतील आणि दोघांनाही ‘नाही’च दिसेल. सरळ इन्सर्ट करा, निवाडा डेटाबेसाला करू द्या. क्रमांक ब्रोकरनं दिलेलाही चालणार नाही. नेटवर्क अडखळलं म्हणून पाठवणाऱ्यानं मेसेज पुन्हा धाडला, तर ब्रोकर सहसा त्याला नवाच मेसेज समजतो. क्रमांक पाठवणाऱ्याच्या डेटाबेसातच पडायला हवा, मूळ घटनेच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पाठवायच्या मेसेजेसच्या ‘आउटबॉक्स’ टेबलात. गेटवेला कॉल करतानाही तोच क्रमांक सोबत द्या.

आणि व्यवहार पाच सर्व्हिसेसमधून जाताना चौथीत फसला, तर? हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ची कल्पना मांडली: प्रत्येक पायरीला तिची भरपाई करणारी उलट पायरी. पण भरपाई काय असावी, हे प्रोग्रॅमरनं एकट्यानं ठरवू नये. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक या दृष्टीनं जरूर वाचा. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम मात्र वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेनं ती आपणहून परत करायची. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये. यात क्यूचं नाव नाही की ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटरचं. बिघाड होणार हे गृहीत धरून मुदत आणि किंमत तेवढी ठरवली आहे. आपल्या डिझाइनच्या कागदांत ही दोन्ही कलमं बहुधा रिकामीच असतात, आणि रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा कोणीतरी पोरगा ती आपल्या मनानं भरतो.

सोमवारी कामावर गेलात की टेस्ट सर्व्हरवर कमिट आणि पोच यांच्या मधल्या ओळीवर प्रोसेस मारून बघा. पुन्हा सुरू करा आणि खात्यातली शिल्लक तपासा. ती दुप्पट दिसली, तर हातातलं फीचर बाजूला ठेवून आधी ते टेबल बनवा.