घरोट आणि जातं

मी जळगावच्या एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. दिवसभर तुरीची आवक आणि पोत्यांचे आकडे, रात्री जेवणं आटोपली की कथा. छापून आल्या मोजून चार. परत आलेल्या मोजत नाही.

वाचन बहुतेक एसटीतलं. वसुलीसाठी आठवड्यातून एकदा धुळ्याला जावं लागतं. एरंडोल, पारोळा, मग धुळं. खिडकी मिळाली तर जाता-येता शंभरेक पानं होतात, चाकावरची सीट मिळाली तर तीसच. पुस्तक वाचनालयाचं. आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं काही लिहून ठेवलेलं असलं की मला सोबत वाटते. एकानं समासात लिहिलं होतं, 'इथं लेखक थापा मारतो.' मी ते पान पुन्हा वाचलं. खरंच मारत होता!

वाचलेलं अंगात भिनतं, हा त्यातला धोका. 'कोसला' वाचल्यावर सहा महिने माझ्या वाक्यावाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. नेमाडे सांगवीचे, आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून उसनवारीचा हक्कच वाटायचा.

मग एका रविवारी आईला कथा वाचून दाखवली. पहाटे उठून नायिका जात्यावर बसते, असा आरंभ. आईनं तिथंच थांबवलं. "जातं कुठलं रे? आपला तर घरोट होता." तो घरोट, म्हणजे जातंच, अजून आमच्या मागच्या पडवीत पडलेला आहे, खुंटा निखळलेला. मी तो रोज बघत होतो आणि लिहिताना पुस्तकातलं जातं आणून ठेवत होतो.

तेव्हापासून कानानं वाचायला लागलो. आपल्या भागात ही रीत जुनीच आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गात गेल्या आणि मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्या माणसांनी ते कागदावर उतरवलं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक अध्याय, अशी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. ती लिहून घेणारे होते साने गुरुजी. त्यांनी नंतर स्वतः एवढं लिहिलं, पण मला त्यांचं ते खाली मान घालून दुसऱ्याचे शब्द टिपत बसणंच जास्त आठवतं. धुळ्याचा स्टँड आला की हटकून आठवतं.

मीही टिपतो, पण माझा तुरुंग म्हणजे एसटी. मिलच्या जुन्या डायरीची मागची पानं त्यासाठी राखून ठेवलीत. परवा पारोळ्याला एक म्हातारी चढली, मांडीवर वांग्यांची पिशवी. शेजारणीला सुनेबद्दल सांगत होती, "बोलत काही नाही, पण भांडी फार जोरात ठेवते." मी तीन वर्षं एक अबोल सून रंगवायला धडपडत होतो. गाडी हलत होती, अक्षर वाकडंतिकडं आलं, पण आलं.

आता कथा पूर्ण झाली की आधी आईलाच वाचून दाखवतो. हल्ली ती शब्दांत चुका काढत नाही. गेल्या रविवारी तिसऱ्या पानावर तिला डुलकी लागली. तिथून पुढचं सगळं मी खोडलंय.