टर्बोच्या गाडीचे ऑइल

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन लहान चाके असतात. एक्झॉस्टच्या गरम वायूने एक चाक फिरते आणि दुसरे इंजिनात जादा हवा कोंबते. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस ९९९ सीसीच्या इंजिनातून ११५ अश्वशक्ती काढते, ती याच्याच जोरावर. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकाशी येणारा वायू ९०० अंशांच्या घरात तापलेला असतो. एवढ्या वेगात दांड्याला आधार असतो तो ऑइलच्या अगदी पातळ थराचा, आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेण्याचे कामही तेच ऑइल करते. म्हणून अशा गाडीला पूर्ण सिंथेटिक ऑइलच योग्य. साधे ऑइल त्या उष्णतेत लवकर जळते आणि त्याची काजळी बारीक वाटांत घट्ट बसते.

आपल्याकडे ऊन फार, म्हणून २०डब्ल्यू-५०सारखे जाड ऑइल घालावे, असा सल्ला गॅरेजमध्ये अजूनही मिळतो. टर्बोच्या गाडीला तो घातक ठरू शकतो. गरम झालेल्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, बाहेरच्या उन्हाने त्यात फारसा फरक पडत नाही. उलट सकाळी गाडी सुरू करताना जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचते आणि बेअरिंग तेवढा वेळ कोरडे घासते.

कॅनवरचा ५डब्ल्यू-३०सारखा आकडा ऑइलचा फक्त दाटपणा सांगतो. ऑइलमध्ये कोणती रसायने आहेत, हे दर्जाच्या खुणेवरून कळते. खंडाळ्याचा घाट वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढताना थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ठिणगीआधीच पेट्रोल पेटण्याचा धोका असतो. त्या धक्क्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमने हा धोका वाढतो, म्हणून २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जात या धोक्याची वेगळी चाचणी आहे. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची गाळणी तुंबू नये म्हणून कमी राखेचे, एसीईए सी३सारखे ऑइल लागते. गाडीच्या पुस्तिकेत छापलेला दर्जा आणि कंपनीचा मान्यता क्रमांक कॅनवर जसाच्या तसा असावा. कॅनवर छापलेल्या ‘रेसिंग’ या शब्दाला कोणतेही प्रमाण नाही.

बदलण्याची वेळ निव्वळ किलोमीटरवर ठरवणे माण-हिंजवडीत फसवे ठरते. आयटी पार्कातून वाकडकडे निघालेली गाडी संध्याकाळी रांगेत उभी असते तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालूच असते. छोट्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि ते पातळ होते. पुस्तिकेतले ‘कठीण वापरा’चे वेळापत्रक याच वापरासाठी असते. किलोमीटर भरले नसले, तरी ठरलेले महिने उलटताच ऑइल बदलावे.

टर्बो इंजिन थोडे ऑइल पिते, म्हणून महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पाहावी. पातळी खाली गेली असेल तर त्याच दर्जाचे ऑइल घालावे. ती आपोआप वर आली असेल, तर ऑइलमध्ये इंधन मिसळत असण्याची शक्यता असते आणि गाडी लगेच वर्कशॉपमध्ये न्यावी.