थंडीतली निलगिरी

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील बोलणे)

डोंगराकडच्या काही गटांनी विचारलंय, गटाचं कर्ज काढून वरकस जमिनीत निलगिरी लावावी का? आमच्याकडे थंडी फार, झाड जगेल का?

आपण झाडाला नाव दिलं उटीच्या निलगिरी डोंगरावरून, पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. 1843 च्या सुमारास इंग्रजांनी ते तिकडे आणलं आणि पुढे जळणासाठी डोंगरच्या डोंगर लावले. उटी सव्वादोन हजार मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत तिथं दव गोठतं, तरी मोठी झाडं उभी आहेत. मरतं ते रोप, पहिल्या हिवाळ्यात.

म्हणून आधी जागा बघा. थंड हवा जड असते, पाण्यासारखी खाली उतरून खोलगटात साचते. महाबळेश्वरला दव गोठल्याची बातमी वेण्णा तलावाकडूनच येते ना, ती त्यामुळं. रोप उतारावर लावा. पावसाच्या सुरुवातीला लावलं की थंडीआधी मुळं धरायला चार-पाच महिने मिळतात. रोप हातभर पुरे. पिशवीत मुळांचा गुंडाळा झालेलं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, पुढे वाऱ्यानं आडवं होतं. पावसाळा सरल्यावर युरिया नको. कोवळी फूट येते आणि तीच आधी करपते. कडाक्याच्या रात्री गवतानं झाका, सकाळी काढा. शेंडा करपला तर लगेच उपटू नका बायांनो! उन्हाळ्यापर्यंत थांबा, बुडातून पुष्कळदा नवी फूट येते.

तेलाचं सांगते. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं किलो-दीड किलो, आणि भट्टीला जळण लागतं ते वेगळंच. पाल्यावर श्रीमंत होण्याची गणितं मला पटत नाहीत. लाकूड, वासे, सरपण, एवढाच हिशोब धरा. आणि हो, हे तेल पोटात गेलं तर विषारी, बाटली पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

आता खरी गोष्ट पाण्याची. हे झाड पाणी फार ओढतं. उटीकडच्या गवताळ माळांवर ते लावलं गेलं, आता तिथंच परकी झाडं काढून गवत परत आणायचं काम चाललंय. आपल्या वाड्यांना मार्च-एप्रिलात एका झऱ्याचाच आधार. हंडा कोण वाहतं? आपणच. झऱ्याच्या वरच्या अंगाला किंवा विहिरीजवळ लावायला माझी संमती नाही.

ज्या गटांना अर्ज करायचाय त्यांनी झरा ते जागा अंतर पावलांनी मोजून लिहून आणा. ते कागदावर आल्याशिवाय कर्जाचा ठराव मी मांडणार नाही.